आत्या येतेय

आत्या येणार हे घरात सगळ्यांत आधी वहिनीला कळलं आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

वहिनी ओट्याशी कांदा चिरत होती. फोन वाजला तेव्हा डोळे वाहत होते, म्हणून नंबर न बघताच तिने तो कानाला लावला.

"मी बोलतेय," पलीकडून आवाज आला. "स्टँडवर उतरलेय. दादा घरी आहे का?"

वहिनीने सुरी खाली ठेवली. हा आवाज तिने शेवटचा ऐकला तेव्हा ती या घरात नवी नवरी होती आणि दारामागे उभी राहून सासऱ्यांचं नि त्यांच्या बहिणीचं भांडण ऐकत होती. भांडण होडीच्या सुकाणूवरून होतं. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, चार माणसांदेखत धाकट्या बहिणीला सुकाणूवरून उठवलं, ती तिथल्या तिथे ओहोटीच्या चिखलात उतरली, गुडघाभर चिखल तुडवत घरी आली, पाय न धुता अण्णांशी उरलेलं भांडली आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. त्यानंतर कितीतरी पानगळी आल्या नि गेल्या. ती आली नाही आणि तिने यायला हवं होतं की त्याने बोलवायला, याचा निकाल दोघांनीही लावला नाही.

"अण्णा धक्क्यावर आहेत, बाकीचे खाडीत," वहिनी म्हणाली. "तुम्ही या ना, आत्या. घ्यायला येऊ का?"

"घर माहीत आहे मला. आणि घाबरू नकोस. दोनच दिवसांसाठी आलेय."

हे साफ खोटं होतं. गावोगावच्या होड्यांना ताडपत्र्या शिवून देणाऱ्या एका दुकानात आत्याने ही सगळी वर्षं काढली होती, आणि दुकानावरच्याच खोलीत राहिली होती. मालक थकला, दुकान बंद झालं, दुकानाबरोबर खोलीही गेली. आता तिच्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे आणि दुसरीत हाताचं शिलाई मशीन. भावाच्या घरात राहायला जागा मागायची होती, आणि मागणं हे काम तिला जन्मात जमलेलं नव्हतं. बसमध्ये तिने वाक्य पाठ केलं होतं, 'दादा, मला इथे राहू दे.' स्टँडवर उतरेपर्यंत त्याचं 'दोन दिवसांसाठी' होऊन बसलं.

वहिनीने लगेच होडीवर फोन लावला. होडीवर तिचा नवरा, म्हणजे अण्णांचा थोरला, आणि नणंद, म्हणजे धाकटी, असे दोघे होते. खाडीच्या तोंडाशी फोनवर अर्धे शब्द पोचतात आणि अर्धे पाण्यात पडतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत. म्हणून वहिनी मोजकं आणि भाचरं बोलतील तसं एकेरीच बोलली.

"आत्या येतेय. अर्ध्या तासात पोचेल. पटापट आवरा आणि घरी या."

या वाक्यात चूक कुठेच नव्हती. चूक घरात होती.

त्या घरात वाऱ्यांना नातेवाइकांची नावं होती. खाडीवरचे बाकीचे लोक सरळ डोंगरवारा, समुद्रवारा म्हणत. अण्णांच्या घरात जो गाजावाजा करत यायचा, सगळ्यांना उठून उभं राहायला लावायचा आणि शेवटी काहीच न करता जायचा, तो जावई. जो उबदार, गोड, कामाला निरुपयोगी, तो मामा. आणि पानगळीच्या शेवटी, स्वच्छ आकाशातून, डोंगरावरून न सांगता कोसळायची ती आत्या. एकदा आली की तीन दिवस मुक्काम, आणि जाताना काहीतरी मोडून जायची. इतक्या वर्षांत खरी आत्या एकदाही न आल्यामुळे 'आत्या' या शब्दाला दुसराही काही अर्थ असतो हे तिची सख्खी भाचरंसुद्धा विसरून गेली होती.

*

थोरला त्या सकाळी खुशीत होता, आणि तो सहसा खुशीत नसतो.

दिवस तसाच उगवला होता. आठवडाभर रात्रीची थंडी वाढत गेली होती. खाडीच्या वरच्या अंगाला पाणी उथळ, तेच आधी गार पडतं. ते गार पडलं की उन्हाळाभर चिखलावर चरून लठ्ठ झालेले बोय मासे एकत्र येतात आणि मोठ्या उधाणाची वाट बघतात. मग एका ओहोटीला सगळा थवा खोल समुद्राकडे निघतो. असा दिवस वर्षातून एकदा येतो, तोही वारा पडलेला असला तर. आज वारा पडलेला होता. धुकं वितळून पाणी इतकं गुळगुळीत झालं होतं की धाकटीने त्यात बघून केस बांधले.

भरती टिपेला आली होती. खाडीच्या तोंडाशी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत खांब रोवलेले, आणि पहाटेपासून खपून दोघांनी त्यांतल्या आपल्या वाट्याच्या खांबांना जाळं बांधलं होतं. आता काही करायचं नव्हतं. पाणी उलटायचं, पाण्याबरोबर मासा यायचा, आणि हिवाळ्याची चिंता मिटायची. अण्णांनी गुडघ्यांपायी होडी सोडल्यापासून थोरल्याच्या हाताखालचं हे पहिलंच पानगळीचं जाळं होतं.

तेवढ्यात फोन वाजला आणि धाकटीने उचलला.

"कोण?" थोरल्याने विचारलं.

"वहिनी. आत्या येतेय म्हणाली. अर्ध्या तासात."

थोरल्याचं तोंडचं पाणी पळालं. त्याने डोंगराकडे बघितलं. डोंगर न्हाऊनमाखून बसल्यासारखा स्वच्छ होता.

"काहीच दिसत नाहीये," धाकटी म्हणाली.

"तिचं कधी दिसतं का काही?"

"पण वहिनीला घरात बसून कसं कळलं?"

"रेडिओवर ऐकलं असेल. अण्णांनी सांगितलं असेल. तिला काय खोटं बोलायची हौस आहे?" थोरला पहिल्या खांबाकडे होडी वळवत होता. "उतरत्या पाण्यावर आत्या आली तर जाळं, खांब आणि आपण, तिघंही समुद्रात. सोड गाठ."

"दादा, पाच मिनिटं थांबून बघू."

"मागच्या वेळी पाच मिनिटं थांबून बघितलं होतं. काय काय सापडलं नंतर?"

"एक वल्हं," धाकटीने कबूल केलं आणि गाठ सोडायला घेतली.

ओलं जाळं बांधण्यापेक्षा सोडणं वाईट. दोघांचे हात गारठून लाल झाले, थोरल्याचा एक गमबूट पाण्याने भरला. पलीकडच्या होडीवाल्याने हाक मारून विचारलं, "काय झालं?" थोरल्याने नुसतं डोंगराकडे बोट केलं. अण्णांच्या घराचा हवेचा अंदाज खाडीवर कुणी खोटा पडलेला बघितला नव्हता. पलीकडच्याने आपलं जाळं काढलं. त्याचं बघून त्याच्या मेहुण्याने काढलं, आणि मेहुण्याचं बघून उरलेल्यांनी. ओहोटी लागली तेव्हा खाडीचं तोंड मोकळं होतं.

मासा त्यांच्या होडीखालूनच गेला. आधी पाण्यावर शहारा आला, मग होडीच्या दोन्ही अंगांनी पाणी करडं झालं, आणि मग बोय उड्या मारायला लागले. नेहमी मारतात तशाच, पण धाकटीला त्या दिवशी त्यात जरा जास्तच आनंद दिसला. एक तर तिच्या मांडीवर पडला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि परत पाण्यात सोडला.

"तो तरी कशाला सोडलास?" थोरला म्हणाला.

"एकटाच मागे राहिला असता."

वाऱ्याची झुळूकही नव्हती.

*

अण्णा धक्क्यावर उलट्या डब्यावर बसून जाळ्याची भोकं सांधत होते. खाडीतल्या सगळ्या होड्या हात हलवत परत येताना दिसल्या तसे ते उठून उभे राहिले. लागोपाठ त्यांनी आकाश बघितलं, पाणी बघितलं, आणि शेवटी मुलगा बघितला.

"जाळं का काढलंस?"

"आत्या येतेय ना," थोरला म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"हिचा फोन आला होता. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

"मी?" अण्णांनी हातातली सुई टोपीत खोचली. "मी इथे दोन तास बसलोय, माझ्या मिशीचा केस हलला नाही. सूनबाईला वाऱ्यातलं काय कळतं? अरे, तिला विचारून तू मासे धरणार, तर मला विचारून तिने भाजी करावी."

"वहिनीला बोलायचं नाही," धाकटी म्हणाली. "तिने चांगल्या मनाने सांगितलं."

"चांगल्या मनाने मासे गेले."

"मी म्हटलं होतं, पाच मिनिटं थांबू."

"म्हणजे आता मीच एकटा गाढव," थोरला म्हणाला.

"एकटा कसला, सगळी खाडी तुझ्या मागे आली," अण्णा म्हणाले.

घर धक्क्यापासून जवळ आहे, पण तेवढ्या वाटेत तिघांचं दोनदा बिनसलं आणि एकदा जुळलं. जुळलं ते वहिनीच्या विरुद्ध. थोरल्याने बायकोला काय काय बोलायचं याची मनात जय्यत तयारी केली आणि दार ढकललं.

आत टेबलाशी आत्या चहात पाव बुडवून खात होती. ती होती तशीच होती, अण्णांपेक्षा वीतभर उंच, फक्त केस सगळे पिकलेले.

थोरल्याच्या भरलेल्या गमबुटातून पाणी गळून फरशीवर ओहोळ झाला.

"मी सांगितलं होतं ना फोनवर," वहिनी म्हणाली. "पण किती उशीर. आणि मासे कुठे आहेत?"

धाकटीला हसू फुटलं. तिने तोंडावर ओढणी धरली, पण खांदे हलायचे थांबेनात. थोरला मटकन खुर्चीत बसला. अण्णा दारातच उभे होते.

"बुटके," ते म्हणाले. लहानपणी त्यांनी हे नाव ठेवलं होतं, तेव्हा ते खरं होतं.

"कसा आहेस, दादा?" आत्या म्हणाली. पाठ केलेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने चहाचा घोट घेतला आणि ते गिळलं. "दोन दिवसांसाठी आलेय."

वहिनीने तिच्याकडे बघितलं. आल्याबरोबर पिशव्या आत घेताना त्यांतली एक तिला उचलता उचलेना. दोन दिवसांसाठी कुणी शिलाई मशीन आणत नाही, हे तिला तेव्हाच समजलं होतं. पण म्हाताऱ्या बाईला स्वतः बोलू द्यावं म्हणून ती गप्प राहिली होती.

"मला एक सांगा," आत्या म्हणाली. "मासे कुठे आहेत असं तिने विचारलं, तर तुम्ही सगळे माझ्याकडे का बघताय?"

थोरल्याने बायकोकडे बघितलं, बायकोने नणंदेकडे. अण्णा टोपीतली सुई शोधायला लागले.

"जाळं काढलं आम्ही," धाकटी म्हणाली. खोटं बोलणं तिला येत नाही, हा त्या घराचा जुना त्रास आहे. "वहिनी म्हणाली, आत्या येतेय. आम्हाला वाटलं, वारा येतोय."

"वारा?"

"डोंगरावरून येतो तो. आमच्यात त्याला आत्या म्हणतात."

आत्याने पाव खाली ठेवला. "का?"

"असंच," थोरला घाईने म्हणाला. "घरातली गंमत."

"कसा असतो हा वारा?"

"बरा असतो," थोरला म्हणाला.

"न सांगता येतो," धाकटी म्हणाली. थोरल्याने टेबलाखालून तिला पाय मारला, पण तो भरलेला बूट होता, तिला नुसता ओलावा लागला. "आला की हलत नाही, आणि जाताना मोडतोड करतो. म्हणून तो येतोय कळलं की सगळं आवरून, दारं लावून बसायचं."

"हे नाव ठेवलं कुणी?"

आता मात्र एकी झाली. तिघांनीही अण्णांकडे बघितलं. वाटेत ज्याला गाढव ठरवलं होतं तो थोरला, जिच्या विरुद्ध सगळे निघाले होते ती वहिनी आणि मधल्यामध्ये हसणारी धाकटी, एका क्षणात एका बाजूला गेले आणि पलीकडे अण्णा एकटे उरले.

"शब्द आहे," अण्णा म्हणाले. "वाऱ्याला काहीतरी म्हणायला लागतंच."

एवढ्यात अण्णांच्या पाठीमागून हाक आली. पलीकडचा होडीवाला होता, खांद्यावर ओलं जाळं, चेहरा गोंधळलेला. मागे त्याचा मेहुणाही असावा.

"अण्णा, आकाश तर कोरडं आहे. वारा यायचा कधी? होड्या वर ओढायच्या का राहू द्यायच्या?"

अण्णा चिडले होते, शरमले होते, आणि अशा वेळी त्यांच्या जिभेवर त्यांचा ताबा नसतो.

"आलाय," ते म्हणाले. "आत चहा पीत बसलाय."

होडीवाल्याने आत डोकावून बघितलं, आत्याला नमस्कार केला आणि काहीच न कळून निघून गेला.

आत्या उठली. तिने कप विसळून पालथा ठेवला, मशीनची पिशवी एका हातात घेतली, कपड्यांची दुसऱ्या हातात. कुठे जायचं हे तिला माहीत नव्हतं. स्टँडवर एक बाक होता, तेवढाच तिच्या डोळ्यांसमोर आला.

"मोडतोड व्हायच्या आत जाते," ती म्हणाली. "तुमचं वर्षाचं जाळं माझ्यामुळे गेलं, तेवढं पुरे. आणि दादा, भांडून गेलेल्या बहिणीचं नाव लोक टाकतात. तू ते घरभर दारं आपटायला ठेवलंस. शाबास."

अण्णा दारात होते. त्यांनी बाजूला व्हायला पाहिजे होतं किंवा बोलायला पाहिजे होतं. ते दोन्हीतलं काहीच करेनात. बहीण परत जाईल याची त्यांना भीती वाटत होती, आणि हे तोंडाने सांगण्यापेक्षा दुष्ट म्हणवून घेणं त्यांना सोपं वाटत होतं. दोघं एकाच आईची मुलं होती.

"अण्णा, सांगा त्यांना," वहिनी म्हणाली.

"काय सांगू?"

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"सूनबाई, तुझे कांदे करपतायत."

"करपू देत." वहिनीने गॅस बंद केला. सासऱ्यांना ती इतक्या वर्षांत कधी उलटून बोललेली नव्हती, त्यामुळे थोरलासुद्धा ताठ बसला. "आत्या, मी तेव्हा नवी होते. नव्या सुनेला कुणी बोलत नाही, म्हणून तिला सगळं दिसतं. तुम्ही गेलात त्याच महिन्यात तो वारा आला. दार आपटलं. अण्णा जेवत होते, ते ताटावरून उठले आणि म्हणाले, 'पोरांनो, बघा रे, आत्या आली.' ही धाकटी धावत गेली. बाहेर कुणी नव्हतं."

धाकटीचं हसू थांबलं. "मला आठवत नाही."

"लहान होतीस. परत दार वाजलं, परत हे उठले. 'आता नक्की आली.' तीन दिवस वारा होता आणि तीन दिवस हे उठत होते. पुढच्या पानगळीतही तेच. मग पोरांना ती गंमत झाली. दार वाजलं की तीच ओरडायची, आत्या आली, आत्या आली. नाव यांनी ठेवलंच नाही. हे फक्त दार उघडायला जात होते."

थोरला फरशीवरच्या पाण्याकडे बघत बसला. तो शब्द त्याने हजारदा वापरला होता.

आत्याने पिशव्या खाली ठेवल्या. मशीनची पिशवी ठण्ण वाजली.

"खरं का हे?" तिने विचारलं.

"दार सैल आहे," अण्णा म्हणाले. "वाजतं."

"मग बसवून का घेतलं नाहीस?"

खाडीवर त्यांच्याइतकं सुतारकाम कुणाला येत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. एक फोन करता आला नाही या माणसाला. मग तिला वाटलं, मलाही आला नाही. पाठ केलेलं वाक्य आता आठवेना, तेव्हा जे तोंडात आलं ते ती बोलली.

"मी दोन दिवसांसाठी आलेली नाही. दुकान बंद झालंय. खोलीही गेली. मला दुसरीकडे कुठे जायला नाही, दादा, आणि जायचंही नाही."

अण्णांनी होकाराची मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"आत्या झोपणार कुठे?" शेवटी धाकटीने विचारलं. "माझ्या खोलीत तर जाळी भरलीत."

"माझ्या खोलीत," अण्णा म्हणाले. "रिकामीच असते."

"रिकामी?" आत्या म्हणाली. "मग तू कुठे झोपतोस?"

अण्णा परत सुई शोधायला लागले. वहिनीने हातातल्या उलथन्याने बाहेरच्या खोलीकडे दाखवलं. दाराला अगदी लागून, जिथे फटीतून थेट वारा येतो तिथे, एक लोखंडी खाट होती. उशाशी अण्णांची बॅटरी, पायथ्याशी दोन घोंगड्या. गुडघ्यांना ही हवा मानवते, असं त्यांनी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं आणि दर पानगळीत लंगडत असत.

आत्या त्या खाटेशी गेली. तिने घोंगडीवर हात ठेवला. ती गार होती.

"दादा," ती म्हणाली, "ही खाट आता आत घे. मी आलेय."